झेंडूखालची पेटी

आज खंडेनवमी. राउटरला फूल वाहिलं आणि तापलेल्या प्लॅस्टिकला झेंडूचा वास लागला. तेवढ्यानंच बऱ्याच वर्षांपूर्वीची एक खंडेनवमी आठवली.

त्या खंडेनवमीला ताईची नोकरीची मुलाखत होती, कॉम्प्युटरवरून. इस्त्रीचा ड्रेस घालून ती पडद्यासमोर बसली आणि नेटच नाही. आमच्या पत्र्याच्या घरात मोबाइलला रेंज मिळायची नाही.

"तुझ्या गेमनंच खाल्लं नेट!" ताई माझ्यावर ओरडली. मी गेमच्या खोक्याची वायर उपटून कॉम्प्युटरला लावली. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. लाल दिवा काही जाईना. ताईला रडू फुटायच्या बेतात होतं.

यंत्रमागाच्या कारखान्यातली पूजा उरकून आलेले आमचे वडील, अप्पा, निवांत शेंगा फोडत होते. "काय झालं रं?"

"नेट बंद पडलंय, अप्पा!"

"पडलं न्हाय. मीच केलंय." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. बाहेरची तार जिथं येते त्या पेटीला त्यांनी कुंकू लावून झेंडूची माळ घातली होती. माळेखाली बटण बंद. "आज अवजारं चालवत न्हाईत. माग थांबवला, तसं हेबी थांबवलं. लई राबतं की वर्षभर."

आम्ही दोघं केवढे चिडलो! अप्पा उठले, पेटीला हात जोडले आणि बटण दाबलं. ताईची मुलाखत वेळेत झाली.

माग थांबायचा तेव्हाच अप्पांना सुट्टी मिळायची. त्या दिवशी ती त्यांनी एकट्यानं घेतली नव्हती, त्या पेटीलाही दिली होती.