रुमालाचं तिकीट

मी भोर सोडलं त्या दिवशी स्वारगेटच्या गाडीवर नेमके यशवंत मास्तरच कंडक्टर. त्यांना गाडीत चढताना पाहिलं आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यात बुद्धजयंतीची मिरवणूक होती, त्यांच्या बँडात क्लॅरनेट वाजवणारी मी एकटी, आणि नर्सच्या नोकरीवर जर्मनीला निघालेय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. महिनाभर "अजून व्हिसाचं काही नाही" म्हणत वेळ मारून नेली. माझे वडील, आण्णा, रोज बजावायचे, "मास्तरास्नी सांगून जा. तोंड लपवून जाऊ नगंस." मी तोंड लपवलं, आणि येऊन बसले त्यांच्याच गाडीत.

"कुठं?" मास्तरांनी विचारलं.

"स्वारगेट."

त्यांनी बॅगांकडे बघितलं. "आन् पुढं?"

"जर्मनी."

"तिथवरचं तिकीट न्हाई माज्याकडं."

माझं आणि मला सोडायला आलेल्या आण्णांचं तिकीट दिलं, घंटीची दोरी दोनदा ओढली आणि पुढे सरकले. नसरापूरला एका बाईनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मास्तरांनी तो उचलून तिच्या हातात ठेवला. "रुमालाला तिकीट नसतं, मावशी. जो उबा हाय त्याची जागा." त्यांचा हा नियम अख्ख्या तालुक्याला पाठ होता. मला मात्र वाटलं, हे मलाच सुनावलं. स्वारगेटला त्यांनी माझी बॅग उतरवून दिली, पण बोलले काहीच नाहीत. ते न बोलणं मी अकरा वर्षं वागवलं.

इथे जर्मनीत आमच्या छोट्या शहरात हौशी लोकांचा ऑर्केस्ट्रा आहे, त्यात मी वाजवते. आईला फोनवर हे सांगितलं तर ती घाबरलीच. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे रंगीत लाइटं आणि सिनेमाची गाणी. "तसलं नाही गं, समोर एक कंडक्टर उभा राहून वाजवून घेतो," म्हटलं, तर म्हणाली, "म्हंजे तिथं बी यष्टीवालाच हाय का?" मी खूप हसले, आणि मग रडलेसुद्धा.

गावाकडच्यांनो, तुम्हाला मास्तरांचं काही वाटत नाही, कारण ते तुम्हाला रोज दिसतात. इथल्या कंडक्टरपुढे स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक असतं, प्रत्येक वाजवणाऱ्यापुढे छापलेला कागद असतो. आमच्या विहाराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बावीस जण, आणि कागद एकाकडेही नाही. शेतकरी, गवंडी, टेम्पोवाला, शिवणकाम करणारी रमामावशी. बावीस जणांची चाल एका माणसाच्या डोक्यात. भातलावणीमुळे कुणी आलं नाही तर त्याचा भाग मास्तर तोंडानं म्हणायचे. मागे कुणाचा सूर चुकला तर तिकडे न बघताच विचारायचे, "मागच्या शिटावर बिनतिकिटाचं कोन हाय?" आणि जो चुकला तोच हसायचा. सुरुवात करायची म्हणजे हातातला जुना तिकीट पंच खांबावर दोनदा ठोकायचे, टक टक. डबल बेल. झालं, गाडी सुटली. दिवसभर उभ्यानं ड्युटी करून संध्याकाळी तालमीला परत उभं राहायचं, तीसेक वर्षं, एका बुधवारीही न चुकता. इथं कागद वाचायला शिकल्यावर मला कळलं की ते काय करत होते. अशा माणसाला मी फसवलं होतं.

यंदा रजा मिळाली. घरात पाऊल टाकलं आणि आण्णा म्हणाले, "आज बुधवार हाय." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी चपला पुढे सरकवल्या.

शेडमध्ये सगळे दाटीवाटीनं बसलेले. युफोनियम हे मोठं पितळी वाद्य वाजवणारा बाळूदादा, आपला टेम्पोवाला, भिंतीला टेकून उभा. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी, तिच्यावर धुऊन घडी केलेला पांढरा रुमाल आणि खाली मी वाजवायचे त्या क्लॅरनेटची पेटी. मी दारातच थबकले.

"बघ की," बाळूदादा म्हणाला, "अकरा वर्सं आमी उबं ऱ्हातोय, पन त्या खुर्चीला हात लावू देत न्हाईत. म्या म्हनलं, मास्तर, रुमालाला तिकीट नसतं म्हनायचा की तुमी."

"ह्याचं म्या फाडलंय," मास्तर म्हणाले. आता केस सगळे पांढरे, नजर अधू. त्यांनी मला निरखून बघितलं.

"कुठं?"

"हितंच," मी म्हणाले. माफी मागायची म्हणून जुळवून आणलेलं सगळं तिथंच विसरले.

त्यांनी रुमाल उचलून खिशात घातला आणि पंच खांबावर दोनदा ठोकला. पहिले काही सूर माझे बेसूरच लागले. बिनतिकिटाचं कोन हाय, हे मास्तरांनी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी निघाले. या वेळी मास्तरांना आठवडाभर आधी सांगितलं होतं. इथली मंडळी विचारतात, तुझं घर नक्की कुठलं, हे की ते. नोकरी इथं, भाडं इथं, थंडीची सवयसुद्धा आता इथलीच. तरी मला ती खुर्चीच आठवते. शेवटच्या बुधवारी मी क्लॅरनेट पेटीत ठेवलं आणि उठले. बाळूदादा बसायला पुढे आला, तोवर मास्तरांनी खिशातून रुमाल काढला होता.