व्लासिसची अर्धी गिरकी

"त्या गाण्याला फरशीवर कुणी पाय ठेवत नाही, आई! बाबांची फरशी आहे ती!"

"फरशी रोज पुसतं कोण रे? मी. आणि तो नाचसुद्धा माझाच आहे."

"तुझा?" मेनिओस हसला. मांडीवरच्या बुझुकीची तार जुळवत म्हणाला, "तू जा, चणे बघ. लागतील खाली."

"चणे गेले खड्ड्यात. आज मी नाचणार."

"नाच की! मी वाजवणं थांबवीन. भर मैफलीत."

मेनिओसची आई, पेलागियामावशी, स्वयंपाकघरात शिरली. मेनिओसच्या शेजारच्या खुर्चीवर मी गायला बसले होते. नाचणाऱ्याचं गाणं मध्येच तोडणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आणि हा सख्ख्या आईला सांगत होता!

वोलोसच्या बंदरावरच्या आमच्या या गाण्याच्या अड्ड्यात मावशी नवी नवरी म्हणून आली, ती थेट चुलीपाशी. गिऱ्हाइकांना दिसायचे ते फक्त तिचे हात, भिंतीतल्या खिडकीतून भाजलेला ऑक्टोपस पुढे सरकवणारे. "तुझ्या हातांना आरोग्य लाभो, पेलागिया!" कुणी ओरडलं की खिडकीतून एक ओला अंगठा वर यायचा. बस्स.

बाहेर राज्य तिच्या नवऱ्याचं, व्लासिसकाकांचं. एकट्यानं नाचायचा तो झेबेकिको त्यांनीच नाचावा. हात पसरून, जमिनीवर थाप मारून उठायचे, गिरकी घ्यायला लागायचे आणि अर्ध्यावर तोडून मान खाली घालायचे. बायका डोळे पुसायच्या. "बाप स्मिर्नाहून परागंदा होऊन आला ना," लोक म्हणायचे, "ते दुःख आहे ते." सगळ्या गावात ती अर्धी गिरकी प्रसिद्ध.

ते गेल्यापासून संत व्लासिओसच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या नामदिनाला, त्यांचं गाणं रिकाम्या फरशीवर वाजतं. कुणी उठत नाही.

त्या रात्रीही तसंच. काकांचे जिवलग थ्रासोसकाका पुढे झाले, मित्राच्या नावाने पेलाभर वाइन फरशीवर ओतली, डोळे टिपत जागेवर बसले. मेनिओसने सूर धरला, मी पहिली ओळ उचलली.

स्वयंपाकघराचं दार उघडलं.

अंगावर विधवेचे काळे कपडे, वर एप्रन तसाच. मावशी सरळ फरशीच्या मध्यावर येऊन उभी राहिली.

"अरे देवा, ही काय करतेय?"

"मेलेल्या नवऱ्याच्या गाण्यावर? लाज आहे का काही!"

एक खुर्ची उलटली. थ्रासोसकाका तिला ओढून न्यायला उठलेच. तेवढ्यात तिने हात पसरले, आणि काका जिथल्या तिथे थिजले. ते हात व्लासिसकाकांचे होते. तो खांदाही. खाली वाकून तिने सांडलेल्या वाइनमध्ये थाप मारली, थेंब पुढच्या टेबलापर्यंत उडाले. उठली. गिरकी सुरू झाली.

व्लासिसकाका जिथे तोडायचे, नेमक्या तिथे मेनिओसचा हात थांबला. धमकी खरी केली की बोटांनी दगा दिला, मला आजही सांगता येत नाही. माझाही आवाज मेला.

मावशी थांबली नाही.

त्या भयाण शांततेत ती पुरी फिरली. एक पाय हवेत, गुडघा जमिनीला लागतोय न लागतोय, तशीच वर. आम्ही सगळे जन्मभर ज्याचा निम्मा तुकडा बघून रडलो होतो, ते अख्खं आमच्यासमोर उभं होतं.

थ्रासोसकाका धप्पकन गुडघ्यावर बसले. टाळी वाजवायला हात वर केले, ते तसेच राहिले. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "आई शप्पथ... म्हणजे त्याला ती पुरी जमतच नव्हती!"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"गप्प बसा हो!" त्यांची बायको खेकसली. पण तिचंही तोंड उघडंच राहिलं होतं.

मेनिओस पांढराफटक. पुढ्यातला माईक चालूच होता, त्यामुळे त्याची कुजबुजसुद्धा भिंतींवर आदळली. "आई... बाबांना तू शिकवलंस? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

मावशीने एप्रन सोडला. वाइनने भिजलेला तळवा त्याला पुसला आणि एप्रन मेनिओसच्या बुझुकीवर टाकला.

"आई, मी विचारतोय!"

आतून चणे करपल्याचा वास यायला लागला होता. चुलीकडे कुणी वळलं नाही. तिने खिळ्यावरचा कोट काढला, एक एक बाही घातली. लोक खुर्च्या मागे सारत गेले आणि त्या वाटेने पेलागियामावशी दाराबाहेर पडली.