काळ्या खिडकीतले निरोप

समस्त वाचकहो, हातातली कामं खाली ठेवा आणि गांभीर्यानं ऐका: अलिबागच्या आमच्या कार्यालयात दुपारचा चहा आलेला आहे!

ही घोषणा माझी नव्हे. संगणक विभागातले आमचे एक ज्येष्ठ सहकारी रोज साडेतीनला ती आमच्या पडद्यांवर आदळायचे. बसायचे माझ्यापासून बारा पावलांवर, पण तोंडानं सांगतील तर शपथ! काळी खिडकी उघडायची, आज्ञा टाइप करायची, पुढं ज्याला धाडायचं त्याच्या संगणकाचं नाव, मग रोमन अक्षरांत मराठी मजकूर, आणि तबलजीनं सम गाठावी तसा एंटर. की आपल्या कामावर टपकन एक चौकोन. 'ओके' दाबल्याशिवाय तो हलायचा नाही. दाबलं, की तिकडं त्यांच्या खिडकीत तशी ओळ उमटायची.

"पोच मिळाली!" ते तिथूनच ओरडायचे.

"अहो, ओरडताच आहात, तर निरोपही ओरडूनच द्या की," मी एकदा म्हणालो.

"तोंडी निरोपाला पोच नसते, भाऊ."

आधीची वीस वर्षं त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर काढलेली. पोच नाही ते पत्र गेलंच नाही, हा त्यांचा धर्म. पडद्यावरून धाडलेला प्रत्येक निरोपसुद्धा ते जावक रजिस्टरात नोंदवायचे. ऑफिसचा मोबाइलवरचा ग्रुप त्यांना मासळीबाजार वाटायचा.

एकदा संगणकाच्या नावाच्या जागी त्यांच्या हातून चांदणी पडली. चांदणी म्हणजे सगळ्यांना. 'साहेब जेवून डुलकी घेत आहेत, फाइल आत्ताच सहीला आणा' हा निरोप साहेबांच्याही पडद्यावर उमटला. साहेब दचकून जागे झाले आणि घाबरून त्यांनी 'ओके' दाबलं.

"साहेबांचीही मिळाली," हे गंभीरपणे म्हणाले, आणि रजिस्टरात नोंद केली.

पण दिवसाला वीस वीस चौकोन हो! पंखा बंद करा. छत्री विसरलात. डबा गळतोय. मी न वाचताच 'ओके' दाबायला लागलो. हात आपोआप जायचा.

निवृत्त होऊन ते मुलाकडं नाशिकला गेले. मागच्या आठवड्यात तिकडून त्यांच्या मृत्यूची बातमी आली. चहाच्या वेळी मी कपाटातून त्यांचं रजिस्टर काढलं आणि हुबेहूब त्यांच्या आवाजात वाचू लागलो. सगळे हसत होते, हसता हसता डोळे पुसत होते. मी पान उलटलं. शुक्रवारच्या नोंदीत माझं नाव होतं.

'उद्या दिवेआगरची आमची नारळाची वाडी नव्या मालकाच्या ताब्यात द्यायची आहे. वादळानंतर पाहिलेली नाही. एकट्यानं जाववत नाही. सातच्या श्रीवर्धन एसटीत बसतो. तुम्ही चौलला चढा.' पुढच्या रकान्यात: पोच मिळाली.

मी चौलला राहतो. त्या शनिवारी नऊपर्यंत अंथरुणात लोळत होतो. सोमवारी त्यांनी नेहमीसारखाच चहाचा चौकोन धाडला. त्या दिवसाबद्दल कधी एक अक्षर नाही.

मी रजिस्टर तसंच उघडं टेबलावर ठेवलं.

आमच्या शिपाई मावशी कप गोळा करत होत्या. त्यांनी वाकून नोंद वाचली, तारीख पाहिली.

"ह्याच्या दुसऱ्याच दिवशी तर माझ्या भाचीची हळद," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "मी व्हते ना त्या एसटीत! रेवदंड्यापर्यंत उभी. चौल मागं पडलं, तरी शेजारची जागा त्यांनी मला दिली न्हाय!"