मंगळवारची सतरंजी

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी जमलंच नाही. पांढुर्ण्याला चौथीपर्यंत शिकले, मग घरी बसवलं. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुका पाहून रागावू नये. मला लोकांसमोर बोलता येत नाही. जे बोलायचं राहून जातं ते इथं लिहिते.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, पण समज लहान मुलीएवढी. घड्याळ तिला वाचता येतं. साडेदहा वाजले तर साडेदहाच सांगते. पण मी साडेदहाला परत येते म्हटलं, तर ते किती वेळानं, हे तिला उमगत नाही. तास आणि महिना तिला सारखेच. आमची शेळी मरून सात वर्षं झाली, ती अजून म्हणते, "आत्ताच तं गेली."

नवरा नागपूरला एका बिल्डिंगवर चौकीदार आहे. एकदा निघताना तो तिला म्हणाला, "आठ दिवसांनी येतो." दुपारी मी मशीनवर ब्लाउज शिवत होते, मान वर केली तर पोरगी घरात नाही. शेवटी आमच्या सौंसरच्या बसस्टँडवर सापडली. नागपूरच्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे पाहत होती.

"आठ दिवस झाले," मला म्हणाली.

बापाला जाऊन तीन तास झाले होते.

त्यानंतर मी तिला कुलपात ठेवून बाजारात जायला लागले. कडी लावताना ती आतून विचारायची, "कधी?" मी काहीतरी सांगायचे. खरं सांगून तरी काय उपयोग होता?

मग घरावर टिनाचे पत्रे टाकायला मी बायकांच्या गटातून कर्ज घेतलं. दोन वर्षं, दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता किस्त, म्हणजे हप्ता, भरायची. आमचं अंगण मोठं म्हणून मीटिंग आमच्याच घरी. एरवी आमच्याकडे कोणी येत नाही. मीच कोणाकडे जात नाही, तर कोण येणार? पण मंगळवारी पंधरा बायका यायच्या आणि मोटरसायकलवर किस्तवाले सर यायचे.

सतरंजी अंथरायचं काम पोरीनं स्वतःच घेतलं. चारी कोपरे ओढून नीट करायची आणि फाटकाशी उभी राहायची. एक बाई नेहमी मागून यायची. पोरगी तिला दटावायची, "उशीर!"

"अव माय, सरापेक्षा तुयाच धाक जास्त हाय मले," ती बाई हसून म्हणायची.

अशानं मंगळवार तिच्या हाती लागला. बाकीच्या वारांची नावं नुसतीच पाठ होती, मंगळवार तिनं डोळ्यानं पाहिलेला होता. मी सांगू लागले, "तीन झोपा, मग सर." ती बोटं मुडपायची. एकदा सोमवारीच सतरंजी टाकून बसली. मला कळेना. मग लक्षात आलं, दुपारची झोपही तिनं मोजली होती. पुढं तर मुद्दाम दुपारी झोपायला लागली.

"काय करून राहिली व?" मी विचारलं.

"झोपून राहिली. म्हणजे सर लवकर येतीन."

मी हसले खूप. पण कुलूप सुटलं ते यामुळेच. "बाबा दोन मंगळवारांनी येणार," असं सांगितलं की ती दोन मंगळवार शांत राहायची. बाप तिसऱ्या मंगळवारीही आला नाही तर मला जाब विचारायची, पण बसस्टँडवर गेली नाही.

चार किस्ती उरल्या तेव्हा मी कार्डावरचे रिकामे रकाने पुन्हापुन्हा मोजायला लागले. माझं कर्ज संपलं की बाकीच्या बायकांची मीटिंग दुसरीकडे जाणार. तिचा मंगळवार गेला, की पुन्हा ते कुलूप आणि आतून "कधी?"

सर म्हणाले, "दीदी, आपका रेकॉर्ड अच्छा है. नया लोन ले लो." फॉर्म देऊन गेले. तो मी आठ दिवस मशीनच्या खणात ठेवला. घराला आता कशाचीच गरज नव्हती. तरी दोनदा सही करायला पेन घेतलं. एका वारासाठी दोन वर्षांचं कर्ज, हे नवऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार होते? फॉर्म कोराच परत केला.

मग गटाच्या मुख्य बाईकडे गेले. दोन गल्ल्या सोडून घर आहे. ती मेथी निवडत होती. मी दाराशी उभी राहून तिच्या मेथीच्या काड्या बघत राहिले.

"काय व, किस्त नाही जमली का?"

"जमली. मीटिंग आता तुमच्याघरी होईन ना?"

"मंग कोणाघरी होईन?"

"पोरगी आली तं चालन का? सतरंजी टाकाले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "येवढं बोलाले अर्धा घंटा उभी हायेस? येऊ दे. पण मी तिच्यामागं धावणार नाही, सांगून ठेवते. मायी सासू खाटेवर हाय."

"पोरगी हालत नाही. सर जायेपर्यंत फाटक सोडत नाही."

"ते तं म्या दोन वर्सं पाह्यलं," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

पोरीला सवय व्हावी म्हणून माझ्या शेवटच्या दोन मीटिंगा तिच्याच अंगणात झाल्या. पोरगी घरून सतरंजी खांद्यावर घेऊन माझ्याआधी निघायची. ती गेली की आमचं अंगण एवढं मोकळं दिसायचं की मी उगाच झाडत बसायचे. पंधरा बायकांत मी दोन वर्षं बसले, पण कोणाशी दोन वाक्यं बोलले असेन तर शपथ. तरी त्या शेजारी बसलेल्या असायच्या.

शेवटच्या मंगळवारी मी मागच्या ओळीत बसले. पोरगी फाटकाजवळून माझ्यापाशी आली.

"आई, तुयी किस्त आज संपते ना?"

"हो."

"मंग पुढच्या मंगळवारी तू नको येऊ. ज्याची किस्त त्यानंच याव. मी एकटी येतो, सतरंजी टाकाले."

पुढच्या मंगळवारचं ती आपणहून पहिल्यांदाच बोलली होती. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. मी पदराची गाठ सोडून नोटा काढल्या. ती तोवर फाटकाशी परत गेली होती आणि त्या मागून येणाऱ्या बाईला दटावत होती.

सरांनी माझं नाव पुकारलं. मी उठून नोटा दिल्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या, कार्डाच्या शेवटच्या रकान्यात सही केली आणि खाली लिहिलं, बाकी शून्य.