पोरीचा फॉर्म आणि मामाचं गाव

मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्या घरात रिकाम्या चौकटीवरून वाजलं. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात भांडायला कारणं कमी नाहीत... पण हे कारण नवीन होतं.

माझी नात वैष्णवी पुण्याच्या एका कॉलेजचा फॉर्म मोबाईलवर भरत होती. सगळं झालं, शेवटी एक मोठी चौकट उरली. अतिरिक्त माहिती, ऐच्छिक... म्हणजे आणखी काही सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर सोडा.

पोरगी जेवायला उठली, तेवढ्यात तिच्या बापाने, म्हणजे आमच्या रमेशने, मोबाईल हातात घेतला. विहिरीवरच्या मोटारचं बटण दाबावं तसं एकेक अक्षर दाबत बसला. मला वाटलं, चला, बापाने लक्ष घातलं...

पोरीने हात धुऊन येऊन मोठ्याने वाचलं. उंची पाच फूट तीन इंच. रंग निमगोरा. स्वतःचं पक्कं घर, बागायती शेती, ट्रॅक्टर. मामाचं गाव साक्री, मोठे मामा नोकरीला... मग आत्या, मावश्या, सगळ्यांची गावं... अगदी लग्नाच्या स्थळाच्या कागदासारखं.

मी म्हटलं, "पोरनं लगीन शे का रे आठे?"

"माय, मोकळी जागा दिसनी, भरी टाकी. आपलं घर समजाले नको का त्यासले?"

"मंग अपेक्षा बी लिखी टाक. निर्व्यसनी कॉलेज पायजे."

पोरगी खो खो हसली. पण तिला तिथे दुसरंच लिहायचं होतं, आणि ते काय हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

या कॉलेजला अकरावीचेही मार्क लागतात, आणि अकरावीत पोरीचे मार्क घसरलेले. त्या वर्षी ऐन कापूस वेचणीत रमेश मोटारसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. सून धुळ्याच्या दवाखान्यात त्याच्यापाशी, मी चुलीपाशी आणि ढोरांपाशी.

शेत पोरीने बघितलं. सकाळी वेचणीला बाया गोळा करायच्या, संध्याकाळी एकेकीचा कापूस तोलायचा, व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत घालायची. कॉलेज बुडालं, प्रॅक्टिकल बुडाली... कापसाचं बोंड मात्र झाडावर राहिलं नाही.

रमेशला हे बाहेर कळू द्यायचं नव्हतं. पोरीला शेतात राबवली म्हणतील, बाप काय करत होता म्हणतील... त्याचं तोंड बघितलं आणि मला उमगलं, याने चौकटीत सगळे मामा का बसवले. खऱ्या गोष्टीला जागाच उरू नये म्हणून.

मी चौथी शिकलेली बाई. पण भावकीतल्या बऱ्याच सोयरिकी मी जमवल्यात. पोरीच्या पायात काही खोड असेल तर मी पहिल्याच बैठकीत सांगते, दोन वाक्यात, आणि चहा पुढे करते. लपवलं तर मांडवात निघतं... आणि रडून सांगितलं तर समोरच्याला वाटतं, अजून काहीतरी आहे.

तेच रमेशला सुनावलं. "मार्क तर त्यासले दिसतीनच. कारन नही सांगं ते पोर ढ दिसी. तुनी इज्जत वाचाडाले पोरले ढ ठरावशी का?"

तो लंगडत उठला आणि बाहेर ट्रॅक्टरपाशी जाऊन उभा राहिला.

इकडे पोरीने सगळे मामा पुसले आणि लिहिलं, आमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला. मी म्हटलं, कुठला डोंगर? मांडीचं हाड मोडलं, तेवढंच लिही. तुझ्या बापाला जिवंतपणी हार घालू नकोस...

ती पुसतच होती, तेवढ्यात रमेश दारात आला. आत न येता, जमिनीकडे बघत म्हणाला, "लिख... मना बाप खाटवर व्हता, शेत मी चालाडं."

पोरीने तेच शुद्ध भाषेत लिहिलं. वडिलांचं हाड मोडलं होतं. त्या हंगामात शेत मी चालवलं, म्हणून अकरावीचे मार्क कमी आहेत. बारावीत पुन्हा नियमित कॉलेजला गेले, ते मार्क सोबत जोडले आहेत... संपलं. अर्धी चौकट रिकामी राहिली. ती भरायची रमेशला फार खुमखुमी आली होती, पण मी मोबाईल पदराखाली घेतला.

पुढे कॉलेजच्या एका मॅडमनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. शेवटी विचारलं, वडील आता कसे आहेत? रमेश दाराआडून ऐकत होता, तो थेट मोबाईलसमोर येऊन म्हणाला, "चालतो, मॅडम." आणि खरंच चालून दाखवलं...

परवा कळलं, पोरीचा नंबर लागला. त्या चार ओळींनी लागला की बारावीच्या मार्कांनी, ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

पण काल स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर रमेश चारचौघांत सांगताना मी ऐकला... मी खाटेवर होतो, तेव्हा शेत माझ्या पोरीने चालवलं. आवाज चांगला चढा होता. मामाच्या गावाचं नावही निघालं नाही.