हुकूम माझा होता

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात टायपिस्ट होते. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर वणीकडचे, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. कुणाची मुलगी आजारी, कुणाकडे पाहुणे, सगळं त्यांना ठाऊक असायचं. मी डबा विसरले की आपली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायचे आणि "सावकाश खा" म्हणून दटावायचे.

एका दिवाळीआधी ऑर्डरची फार घाई होती. प्रेस मशीनला गार्ड असतो, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी. ती काढली की काम भराभर होतं. तशी ती काढली गेली, आणि तिसऱ्याच दिवशी एका जुन्या कामगाराच्या दोन बोटांची टोकं गेली.

मालकांनी मला अहवाल टाइप करायला सांगितला. कारण, कामगाराचा निष्काळजीपणा. मी तो सहीसाठी साहेबांकडे नेला. त्यांनी वाचून चष्मा काढला.

"जाळी कुणी काढली, माहीत आहे?"

"नाही, साहेब."

"मी काढायला लावली. तो दोनदा नको म्हणाला होता. तसंच लिही, हुकूम माझा होता."

"पण मालक रागावतील..."

"त्यांच्याशी मी बोलतो. तू लिही."

टाइप करताना माझ्याकडून तीनदा चुकलं. दर वेळी त्यांनी नवा कोरा कागद पुढे केला.

मालकांच्या केबिनमधला आवाज त्या दिवशी बाहेरपर्यंत आला. साहेबांचं ठरलेलं प्रमोशन गेलं. कामगाराला मात्र भरपाई मिळाली, बरा झाल्यावर स्टोअरमध्ये कामही मिळालं.

शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात साहेब रोज संध्याकाळी त्याला भेटायला जायचे. एकदा मीही सोबत गेले. कामगाराच्या बायकोनं तोंड फिरवलं. साहेब भिंतीशी उभे राहिले, बराच वेळ. आठवड्याभरानं मी पुन्हा गेले, तेव्हा तिनं त्यांच्याकडे स्टूल सरकवलं. ते बसले आणि त्यांना एकदम रडू आलं.

पुढे काही वर्षांनी ते निवृत्त झाले. तोवर माझ्या हाताखाली चार माणसं आली होती. निरोपाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "साहेब, त्या अहवालावर सही करताना भीती नाही वाटली?"

"लय वाटली," ते हसून म्हणाले. "नोकरी जाईल असंच वाटलं होतं. घरीसुद्धा सांगितलं नव्हतं."