जमिनीनं काय केलं?

आदिलाबादला आम्ही नवं बिऱ्हाड मांडलं तेव्हा माझी सोनू चालायला शिकत होती. ती आपटली की सगळ्या आया करतात तेच मीही करायची, जमिनीला चापट मारायची. "हात् मेले! माझ्या सोनूला पाडतेस?" एकदा कुंपणापलीकडून शेजारच्या कुसुममॅडम ओरडल्या, "जमिनीनं काय केलं व? खोटं काऊन शिकवून राह्यली लेकराले?"

झाली ओळख!

मॅडम कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. पर्समध्ये निर्मल गावच्या खेळण्यांतला लाकडी आंबा आणि खडूचा तुकडा कायम असायचा. लग्नाच्या पंगतीतही दोन्ही एकदम सोडून विचारायच्या, "आदी कोण पडलं?" दोन्ही बरोबरच पडायचे. बघणारे कंटाळायचे, त्या नाही.

"पण मॅडम, पृथ्वी ओढतेच का?" मी एकदा विचारलं. त्यांच्या येरझारा थांबल्या.

"किती जोरानं, ते सांगता येते. कोणी म्हणते, जागाच वाकते. मंग ते काऊन वाकते? इचारत गेलं का शेवटी हातच वर करा लागते." आणि पुन्हा येरझारा सुरू. ते उत्तरच त्यांना बसू देत नसावं.

मागच्या वर्षी त्यांच्या यजमानांना, भाऊंना, लकवा झाला. मंचेरियलच्या कोळसा खाणीत जन्मभर खाली उतरून रोज वर आलेला माणूस, त्याला अंगणातून फाटक गाठवेना. मॅडमनी पावलांतलं अंतर, काठीचा कोन, सगळं गणितानं बसवलं. "तोल सांबाळला तं माणूस पडत नाही," म्हणत रोज संध्याकाळी त्यांना चालवायच्या. भाऊ दमायचे, पण मॅडमना धीर नसे. बघून माझाच जीव वरखाली व्हायचा.

परवा फाटकाला हात लागणार, तेवढ्यात भाऊ कोसळले. मी आणि एव्हाना शाळेत जाऊ लागलेली सोनू धावलो. फार लागलं नव्हतं, पण भाऊ रडवेले झाले. "तू सांगतलं तसंच केलं ना? मंग काऊन पडलो मी?"

मॅडम मटकन मातीत बसल्या आणि जमिनीला त्यांनी फाडकन चापट मारली.

"हात् मेले! आमच्या ह्यांलेच पाडून राह्यली?"

भाऊ वाकड्या ओठांनी हसायला लागले. मला मात्र रडू आवरेना.

सोनू गोंधळली होती. "पण मॅडम, जमिनीनं काय केलं?"

"मले नाही माहीत व बाई," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तू बी मार एक."